लिंबाजीची हूल

व्यंकटरावांनी शो मागितला. लिंबाजीनं कपडे घासायच्या ब्रशात उभे खोवलेले तीन पत्ते उजव्या हातानं एकेक करून उपसले आणि सतरंजीवर मांडले. अठ्ठी, नव्वी, दश्शी. व्यंकटरावांची एक्क्यांची जोडी नुसती शोभेची राहिली.

“मास्तर, डावातल्या शेंगा सार इकडं,” लिंबाजी म्हणाला.

एसटीच्या औसा डेपोत दोघांनी जन्म काढला. लिंबाजीनं स्टेअरिंग धरून, व्यंकटरावांनी कंडक्टर, म्हणजे ‘मास्तर’, म्हणून तिकिटं फाडून. भोकरच्या मुक्कामी जेवण झालं की तीन पत्तीचा डाव बसे आणि व्यंकटराव जिंकत. लिंबाजीकडं खरे पत्ते आहेत की तो नुसती हूल देतोय, हे त्यांना आपोआप कळे. गच्च गाडीत बिनतिकिटाचा माणूस कळावा तसं. कसं कळतं विचारलं, तर “पोटातून येतं” म्हणत आणि छाती जरा पुढं काढत.

आता पोट मुकं झालं होतं. दिवाळीनंतर लिंबाजीला लकवा मारला, डावा हात गेला. ब्रशाची युक्ती पार्वतीबाईंनी, त्याच्या बायकोनं काढली. तेव्हापासून व्यंकटरावांना हूल वाटे ते खरं निघे, आणि खरं समजून पत्ते टाकले की लिंबाजी सत्ती-पंजी दाखवून हसे. चहावाल्या केरबाशी खेळून पाहिलं, तर त्याची हूल पहिल्याच चालीला पकडली. म्हणजे यंत्र शाबूत होतं. याच एका गिऱ्हाइकापुढं बंद पडत होतं. मग त्यांनी लिंबाजीचं कपाळ निरखलं, पापण्या निरखल्या, श्वास ऐकला. जितकं जास्त बघावं तितकं कमी कळे.

“असं काय टवकारून बघायलास? लगीन जमवायचंय का माझं?”

“गप. पत्ते पीस म्हणलं तर पिसताबी येत न्हाई तुला,” व्यंकटराव बोलून गेले आणि ओशाळले.

तेवढ्यात पार्वतीबाई रबरी चेंडू घेऊन आल्या. “भाऊजी, जरा थांबा. आधी ह्यांचा हात.”

हात परत यायचा असला तर याच महिन्यांत येईल, मग अवघड, असं डॉक्टर म्हणाले होते. लिंबाजीनं डाव्या तळव्यात चेंडू ठेवला, दात आवळले. मानेची शीर फुगली. बोटं मात्र दुसऱ्या कुणाची असावीत तशी पडून राहिली.

“हाल की, माय!” तो बोटांवर खेकसला आणि उजव्या हातानं चेंडू अंगणात भिरकावला. “न्हाई हालत. मेलेल्याला काय उठवायलीस रोज रोज?”

पार्वतीबाईंनी चेंडू उचलला, पदरानं पुसला आणि त्या आत गेल्या.

“वाट, मास्तर,” लिंबाजी खाली बघत म्हणाला.

व्यंकटरावांनी पत्ते वाटले. त्यांना दुर्रीची जोडी आली. खेळायचा हुरूपच नव्हता. ते शेंग फोडत बसले. लिंबाजीनं पत्ते ब्रशात खोवले आणि पुढ्यातला शेंगांचा सगळा ढीग मध्ये लोटला.

हूल आहे.

पोट बोललं. इतक्या महिन्यांनी. व्यंकटरावांनी दचकून वर पाहिलं. लिंबाजीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग नजर घसरली ती त्याच्या मांडीवर. डाव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर सावकाश घासत होता, पत्त्याची कड चाचपावी तसा. लिंबाजीचं सगळं ध्यान शेंगांवर होतं.

म्हणजे मुक्कामाच्या दिव्याखाली एवढी वर्षं, लिंबाजी हूल देताना, हेच दिसत होतं. डोळ्यांनी पाहून पोटाला सांगितलं. व्यंकटरावांना कुणी सांगितलं नाही.

शो ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला.

“काय मास्तर? जिगर न्हाई का?”

“न्हाई बाबा.” त्यांनी जोडी पालथी टाकली. “पॅक.”

“काहीच नव्हतं!” लिंबाजीनं तिन्ही पत्ते उधळले आणि तोंडभर हसला. अंगठा थांबला.

“वहिनी,” व्यंकटरावांनी आत हाक मारली, “शेंगा अजून भाजा. अन् इथं येऊन बसा जरा. माझ्या बाजूला. इथनं नीट दिसतंय.”

“तिला कशाला बसवतूस? दोघं मिळून खेळलात तरी हराल.”

“हरू की,” व्यंकटराव म्हणाले आणि पत्ते पिसू लागले.