सैल होतं जरा

नळाची ती मूठ गोल होती, चकचकीत, कुठे नावालाही कंगोरा नसलेली — आणि तिची बोटं तिच्यावरून पुन्हा घसरली. तिनं हात पुसले, दोन्ही तळवे दोन बाजूंनी दाबले, खांदे उचलले आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ती मूठ फिरवली; पाणी आलं ते फसकन, थेट अंगावर. नव्या घरातली पहिली सकाळ आणि आपण नळाशी कुस्ती खेळतोय, असं वाटून तिला हसू आलं. नळ बिघडलेला होता, उघडच होतं. गॅसची कळही घट्ट, खिडकीची खिट्टी जाम, बाथरूमच्या दाराची मूठ तर हातात येते न येते तोच निसटायची... लोक घरं बांधतात, भाड्यानं देतात, पण निगा म्हणून राखत नाहीत. हे तिचं जुनंच मत. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली की तिथल्या कड्या, नळ, डब्यांची झाकणं असंच छळायची, आणि परत आल्यावर ती दादाला सांगायची, "तुझ्यासारखा माणूस घरात नसला की असं होतं बघ." दादा मान डोलवायचा. "तेलपाणी करत नाहीत," एवढंच म्हणायचा.

दादा असता तर आज उजाडताच आला असता, खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर लावून...

लहानपणी त्यानं वडिलांचं गजराचं घड्याळ खोललं होतं. परत जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला, आणि तरी — वडिलांचा उगारलेला हात तसाच वर राहिला — घड्याळ पूर्वीपेक्षा नीट चालू लागलं. तेव्हापासून जमिनीवर कुठे स्क्रू दिसला की आई म्हणायची, काहीतरी दुरुस्त झालंय वाटतं. शाळेत तो कसाबसा पुढे ढकलला गेला. लिफ्टच्या कंपनीत लागला आणि तिथे मात्र त्याला स्वतःचं माणूस भेटल्यासारखं झालं. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला तो आधी कान लावायचा. बाकीचे मेकॅनिक हत्यारं काढत असायचे आणि हा डोळे मिटून उभा. मग म्हणायचा, वरच्या मजल्यापाशी काहीतरी घासतंय — आणि घासत असायचं. साहेब व्हायची वेळ आली तेव्हा त्यानं चक्क नाही म्हणून सांगितलं. टेबलाशी बसून मी उघडू काय, ड्रॉवर? अगदी शेवटीसुद्धा, दवाखान्यात, नर्सनं पलंग वर घ्यायला दांडा फिरवला तर हा क्षीण आवाजात म्हणाला, "कुरकुरतोय, बाई. दोन थेंब तेल घाला." तिनं घातलं. पलंगानं नंतर आवाज म्हणून काढला नाही.

हे आठवून वाईट वाटायला हवं होतं, पण दादा आठवला की तिला बरंच वाटायचं. वैताग यायचा, तो दादा जिवंत असताना. दर रविवारी यायचा आणि चहा होईपर्यंत काहीतरी उघडून बसायचा. तिच्या जुन्या घरात त्यानं काय काय करून ठेवलं होतं... नळाला लांब दांडी, कपाटाला चामड्याचा पट्टा, खिट्टीला वाकवलेली पट्टी, गॅसच्या कळीला पत्र्याचे पंख. येणारेजाणारे हसायचे, बसमध्ये चढल्यासारखं वाटतं म्हणायचे. "चांगल्या वस्तूला हात कशाला लावतोस?" ती चिडायची, आणि तो ओठांत स्क्रू धरून म्हणायचा, "सैल होतं जरा."

दारावर टकटक झाली. वहिनी आल्या होत्या, खोकी सोडायला मदत करायला. पिशव्या खाली ठेवून, जिन्याबद्दल तक्रार करत त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि बोलता बोलता, मान वळवून तिच्याकडेच बघत, एका हातानं नळ उघडून हात धुऊ लागल्या.

ती बघत राहिली.

"तो नळ बिघडलाय, वहिनी."

"हा? लोण्यासारखा फिरतोय की." वहिनींनी दोन बोटांनी तो बंद केला, उघडला. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं, आणि त्यांनी तो पुन्हा हळूच बंद केला.

लहानपणी एक मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून तिच्या दोन्ही मुठी अर्ध्याच मिटायच्या, वाटेत काहीतरी आठवल्यासारखी बोटं थांबायची. त्याचं तिनं कधी भांडवल केलं नाही. शिकली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, एकटीनं घर चालवलं. सांधे धरलेल्या एका बाईंनी एकदा काउंटरशी विचारलं होतं, तुम्हाला हो कसं सगळं जमतं? सवय, तिनं सांगितलं होतं, आणि त्या संध्याकाळी ती जरा ताठ चालत घरी आली होती.

"तुला खरंच माहीत नव्हतं?" वहिनी म्हणाल्या.

"काय?"

वहिनी एका खोक्यावर टेकल्या. "अगं, कामावरचे जाड हातमोजे होते ना ह्यांचे? त्यात कापूस ठासून भरायचे. मूठ मिटू नये म्हणून. आणि ते घालून सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात — नळ उघड, डबा उघड, कडी काढ. मी म्हणायचे, वेड लागलंय का तुम्हाला? तर म्हणे, थांब गं, तिला नेमकं कुठे अडतं ते बघतोय. जमलेलं सगळं तुझ्याकडे बसवलं. फसलेलं माझ्याकडे राहिलं." त्या हसल्या. "आजही माझ्या घरात एक कडी धड नाही. कपाटाला गुडघा लावते मी."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"नको म्हणाले. तिला जमतंय ना, मग झालं तर, म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "प्लंबरला बोलावू का? दांडीचे नळ मिळतात आता बाजारात."

"बघू," ती म्हणाली.

दोन-तीन खोकी सोडून वहिनी गेल्या तेव्हा ऊन उरलेल्या खोक्यांवर आलं होतं. ती त्या उन्हात बसली. म्हणजे जमत होतं त्यातलं माझं किती आणि त्याचं किती... आणि काउंटरशी आलेल्या त्या बाईंना मी काय सांगितलं? एक बारीकसा राग आला, खरोखरचा. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं — आणि मी लोकांच्या घरांना नावं ठेवत फिरले. पण तो राग नीट पेटेचना, कारण मध्ये मध्ये दादा दिसत होता : पोलादी दोर लीलया पेलणारा तो माणूस, फुगलेल्या हातमोज्यांनी वहिनींच्या नळाशी झटतोय, पाणी फसकन त्याच्याच अंगावर, आणि तो वैतागलाय, घसरतोय, पुन्हा तळवे दाबतोय. जमत नाही ते नेमकं कसं जमत नाही, हे जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं तिनं लहानपणीच धरून ठेवलं होतं. त्याचं दुःख नव्हतं, अभिमानच होता थोडा. आणि इतकी वर्षं तो तिथे येऊन जात होता. गुपचूप, रविवारी.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. तो खडखडाट संपेपर्यंत ती ऐकत राहिली — कुठेतरी घासत होतं ते, मधेच, थोडंसं. आधी कुठलं खोकं सोडावं हे तिला ठरवता येईना, आणि घाईही वाटेना.