टोफ्टींच्या पिकअपची श्वासनळी

मी एक जुनी नळी आहे. लांबीला हातभर, आणि रुंदीला एवढी की लहान मुलाची मूठ सहज आत जावी. एका म्हाताऱ्या पिकअपच्या बॉनेटखाली माझा मुक्काम असतो. बाहेरची हवा घ्यायची आणि इंजिनला द्यायची, एवढंच माझं काम. पण मित्रांनो, जन्माने मी हवेची नाही. मी पाण्याची होते.

अमेरिकेतल्या मोंटानात टोफ्टी कुटुंबाच्या लसूणघासाला पाणी देणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची एक लांबच लांब रांग होती. त्यातल्या एका पाइपाचा मी तुकडा. रोज सकाळ-संध्याकाळ घरची बाई, इडा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून यायची. एकेक पाइप सोडवायची, आतलं पाणी निघून जावं म्हणून जरा कलता करायची आणि खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात जोडायची. तिचा ओला हात माझ्यावर असायचा, त्याचा गारवा मला अजून आठवतो.

एका उन्हाळ्यात वळूने आमच्या पाइपावर पाय दिला. मधोमध चेपलेला पाइप कोणाच्या कामाचा? गोठ्यामागच्या उंच गवतात त्याला टाकून दिलं. गांधीलमाश्यांनी माझ्यात घर केलं. पुढे एका वर्षी रांगेतल्या पाण्याचा आवाजच आला नाही, तेव्हा मला कळलं की इडा गेली.

तिची मुलगी मार्ला शहरातली नोकरी सोडून परत आली. ती चाळिशीला टेकलेली, बाप ओर्विन सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्याने तिला ये म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही. त्या भागात एक रीत आहे. पिकअपमध्ये दोघं असले की मालक गाडी चालवतो, शेजारी बसलेला उतरून फाटकं उघडतो. मार्लाने सहा वर्षं फाटकं उघडली.

मग शेजारच्या लायलने ओर्विनचं सगळं कुरण भाड्याने मागितलं. "वसंतात सांगतो," ओर्विन म्हणाला. मार्लाने ते ऐकलं. कुरण गेलं असतं तर तिचं तिथे काही उरलं नसतं.

त्याच शरदात ती वासरं भरलेला ट्रेलर घेऊन बाजाराला निघाली आणि मोठ्या चढावर पिकअपचा दम संपला. मागून लायल आला.

"काय गं मार्ला, वासरांना उतरवून ढकलायला लावतेस का?"

"कशाला? तुला जुंपते. रिकामाच दिसतोस."

लायल हसला. पण जाताना म्हणाला, "ओर्विनला सांग, गाडी दमली आणि तोही दमला. कशाला ओढत बसता?"

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी गवत तुडवत ती माझ्यापर्यंत आली. लोखंड कापायच्या करवतीने तिने मला चेपलेल्या भागापासून वेगळं केलं, कडा कानशीने घासली आणि मला आतून साबणाने तीनदा धुतलं. वाळूचा एक कण जरी राहिला तरी तो इंजिनात जातो, हे ती जाणून होती.

गाडीत हवेसाठी मूळची एक काळी पेटी होती. तिचं तोंड वर, बॉनेटच्या अगदी कडेला होतं. मार्लाने ती पेटी उघडली, तर आत उंदरांनी गवताचं आणि लोकरीचं ऐसपैस घर थाटलेलं.

ओर्विन कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. "बिचाऱ्यांना थंडीच्या तोंडावर बेघर करतेस?"

"त्यांनी आठ सिलिंडरांचा श्वास कोंडलाय, बाबा."

"आणि तो पाइप कशाला?"

"गार हवा घट्ट असते. जेवढी गार, तेवढा जोर जास्त. याचं तोंड खाली बंपरमागे काढते, तिथे इंजिनची धग पोचत नाही."

ओर्विनने पेटीच्या उंचावरच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलले. मग त्याने कॉफीचा घोट घेतला आणि तो घराकडे वळला.

रबरी कोपरे, घट्ट पट्ट्या आणि तोंडाशी शंकूसारखा फिल्टर, असा माझा साज झाला. पुढच्या खेपेला आम्ही तो चढ न थांबता चढलो. लायल म्हणाला, "विमान घेतलंत की काय?" ओर्विन म्हणाला, "आवाज वाढलाय. जोराचं विचारू नकोस." खरं सांगू का मित्रांनो, आलेल्या जोरापैकी अर्धा तरी उंदरांचं घर गेल्यामुळे आला होता. पण शाबासकी मला मिळाली, आणि मी ती गुपचूप घेतली.

मग एप्रिल आला. बर्फ वितळून ओढा फुगला होता. पलीकडच्या कुरणात एक गाय व्यायली आणि वासरू गारठून आडवं पडलं. मार्लाने त्याला उचलून गाडीत पायांशी ठेवलं, हीटर पूर्ण सोडला आणि ती सकाळी ओलांडलेल्या ओढ्याच्या उतारावर परत आली; दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून पाणी तोवर आणखी चढलं होतं. ओर्विन वर्षानुवर्षं त्याच उतारावरून हीच गाडी नेत आला होता. तिला शंका येण्याचं कारण नव्हतं.

पाणी बंपरपर्यंत चढलं आणि माझ्या तोंडात शिरलं. मी त्याला ओळखलं. इतक्या वर्षांनी पाणी भेटलं म्हणून क्षणभर मला आनंद झाला. त्याची लाज मला आजही वाटते.

इंजिनला ठसका लागला आणि ते थांबलं. मार्लाचा हात चावीकडे गेला.

अलीकडच्या काठावर ओर्विन ट्रॅक्टरजवळ कुंपण दुरुस्त करत होता. तो ओरडला, "चावीला हात लावू नकोस!"

"हीटर बंद पडलाय, बाबा. वासरू जाईल."

"आत्ता फिरवलंस तर इंजिनही जाईल. पाणी दाबलं जात नाही, आतलं लोखंड वाकतं. वासरू घे आणि चालत ये."

हात चावीवर तसाच राहिला. मग तिने तो काढला, वासरू खांद्यावर घेतलं आणि मांडीभर पाण्यात उतरली. ओर्विन कमरेला दोर बांधून तिला घ्यायला पाण्यात आला.

वासराला न्हाणीघरातल्या टबात कोमट पाण्यात ठेवलं. गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली. प्लग काढून इंजिनातलं पाणी उडवलं, तेल बदललं. वेग कमी होता म्हणून ते वाचलं. मला वाळायला ओव्हनच्या उघड्या दारावर ठेवलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलं.

"ते तोंड वर का होतं, तुम्हाला माहीत होतं," मार्ला म्हणाली.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ओर्विनने कॉफीचा मग टेबलावर फिरवला. "तू थोडी चुकावीस असं वाटत होतं. मग लायलला हो म्हणणं सोपं गेलं असतं." तो बाजूला सारून म्हणाला, "तू चावीला हात लावलास तेव्हा मात्र तसं वाटलं नाही."

"मीही विचारलं नाही," मार्ला म्हणाली.

ओर्विनने मला उचललं, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. "हा इडाच्या रांगेतला ना?" मग त्याने कपाटातून केक भाजायचा पत्र्याचा ट्रे काढला. "तोंड वर घे. इंजिनची धग अडवायला हा मधे लाव."

"आईचा ट्रे कापू?"

"सहा वर्षांत मी एकही केक भाजलेला नाही."

तेवढ्यात टबातून वासरू हंबरलं, आणि दोघंही दुधाची बाटली शोधायला उठले.

चार दिवसांनी माझं तोंड वर, जुन्या पेटीच्या जागी गेलं. कुरणाकडे निघताना ओर्विन नेहमीसारखा गाडीपाशी आला, पण वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसला. मार्लाने चालकाच्या जागी बसून गाडी सुरू केली. आम्ही ओढा ओलांडला. फाटकाशी ओर्विन गुडघा धरत उतरला. साखळी सोडवायला त्याला वेळ लागला. आम्ही आत गेलो, त्याने फाटक लावलं आणि परत येऊन बसला.

"लायलला फोन करायला हवा," तो म्हणाला.

"काय सांगणार?"

"सांगेन, कुरण द्यायचं नाही. मला फाटकं उघडायची नोकरी लागली आहे."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गाडी आता चढ चढत नाही, ओढ्यापर्यंत जाऊन येते. माझा फिल्टर मात्र मार्ला अजून दर वसंतात धुते, म्हणून मी टिकून आहे. मित्रांनो, तुमच्याही वस्तू अशाच धूत-पुसत जा. जुनं काही काढून टाकण्याआधी ते तिथे का होतं, हे कोणाला तरी विचारा. आणि ज्याला ते माहीत आहे, त्याने विचारण्याची वाट पाहू नये. पाण्याची चाल मलाही ठाऊक होती, पण मी पडले नळी, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.