चार बोटांची खाट

आमच्या आजोबांनी जन्मात कधी टेप वापरला नाही, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की कुठेही अडली तर पुढची सांगू शकते. आजोबा, म्हणजे घरच्यांचे अण्णा, सुतार होते. दारं, कपाटं, टेबलं, सगळं नजरेच्या मापानं. बारीक काम असेल तर बोटांच्या. ज्याला काम येत नाही त्याला टेप लागतो, असं म्हणायचे. घरातली निम्मी दारं आजही खांदा लावल्याशिवाय बंद होत नाहीत, पण त्यात दोष दारांचा.

सात महिन्यांच्या ठमीला घेऊन मी चार दिवस माहेरी गेले, तर पुढच्या खोलीत अण्णांनी केलेली बाळाची खाट मांडलेली. चारी बाजूंनी उभ्या पट्ट्यांचा कठडा, वर ताजं पॉलिश. काकांनी माळ्यावरून काढली होती.

"यात तुझा बाप वाढला, मी वाढलो, धाकटे दोघं वाढले," काका म्हणाले. "आता हिचा नंबर."

मी दोन पट्ट्यांमधून हात घातला. तो थेट खांद्यापर्यंत गेला.

"फटी मोठ्या आहेत, काका. ठमी सरकेल यातून."

"चार बोटं. बरोब्बर चार. अण्णांचं माप आहे ते."

"अडीच इंचांच्या आत हवं, असं वाचलंय मी."

काकांनी बाबांकडे पाहिलं. "काय रे, कॉलेजात खाटेचा तास होता का हिला?"

बाबा हसले. आई म्हणाली, "असू दे गं, एवढ्या हौसेनं काढलीय." मी ठमीला जमिनीवर गादी घालून झोपवलं. त्यावरही दिवसभर टोमणे. हिच्या पोरीला आता हेल्मेट घाला, काचेच्या पेटीतच वाढवा. मी ठमीजवळून हलले नाही. काकांचा काय भरवसा? मी आंघोळीला गेले की ते तिला उचलून खाटेत ठेवतील आणि वर फोटो काढतील.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे खाटेभोवती बसले आणि अण्णांच्या गोष्टी सुरू झाल्या. आमच्याकडे गोष्टी सगळे ऐकतात, त्यांची बेरीज कुणी करत नाही.

"अण्णांचा पंजा काय होता," काका सांगत होते. "एका मुठीत किलोभर खिळे. हातमोजे म्हणून कधी बसले नाहीत त्यांना."

मी माझी चार बोटं जुळवून पाहिली. मग खाटेची फट पाहिली. म्हणजे चार बोटं खरी, फक्त कुणाची ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि हा," काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "आठव्या महिन्यात खाटेच्या बाहेर उभा. आतून कसा निघाला देव जाणे. हनुवटी पट्टीला टेकवून, ऐटीत."

बाबांनी ऐटीत मान हलवली. हे त्यांनी ऑफिसातसुद्धा सांगितलंय. आठव्या महिन्यात उभा राहिलेला माणूस म्हणून ते निवृत्त झाले.

थोरली आत्या ठमीच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. ती गोष्टी सांगत नाही, तिला कुणी विचारतही नाही. घडीवरून हात फिरवत ती म्हणाली, "उभा नव्हता तो."

"मग?"

"लटकत होता. अंग फटीतून बाहेर, डोकं आत अडकलेलं. पाय जमिनीपासून वीतभर वर. मी शाळेतून आले म्हणून दिसला. ओठ निळे पडले होते."

बाबांचा हात आपोआप हनुवटीखाली गेला.

"अण्णांना सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं की. म्हणाले, पोर बारीक आहे, नीट खाऊ घाला. मग मीच शाळा सोडली. आठ वर्षांची होते. सगळ्यांत धाकटा चालायला लागेपर्यंत रोज त्या खाटेला टेकून बसायचे, फटीला पाठ लावून."

मी शिलाई मशीनच्या खणातून आईचा टेप आणला आणि सगळ्यांसमोर फट मोजली. सव्वाचार इंच.

"पण एवढ्या वर्षांत एक पट्टी हललीय का बघ," काका म्हणाले.

मी घरातल्या सगळ्या उशा आणि पांघरुणं आणून खाट गच्च भरली, बाहुली ठेवायलासुद्धा जागा उरू दिली नाही. ठमी गादीवर झोपली. आत्या तिच्या शेजारी आडवी झाली, गादीच्या मोकळ्या कडेला, कठड्यासारखी पाठ करून. आईने स्वतःची उशी परत मागितली नाही.

संध्याकाळी शेजारचे मास्तर आले. खाटेला हात लावून म्हणाले, "वा, जुनं काम दिसतंय."

"अण्णांचं," काका सरसावून बसले. "यात चौघं वाढलो आम्ही. आणि शिस्त कशी असेल? आमच्या ताईला त्यांनी खास राखणीला नेमलं होतं. रोज, न चुकता. तेवढी दूरदृष्टी आता कुठे राहिलीय?"

मास्तरांनी मान डोलावली. बाबा भिंतीकडे बघत होते.

आत्या उठली. ठमीला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. दोनदा खांदा लावावा लागला.