पहिल्या बर्फाची चिठ्ठी

पहाटे बर्फ पडायला लागला आणि हुरिनिसाने सुनेच्या हातून काहीही घेणं बंद केलं.

चहा आणला तर "ठेव तिथे." चष्मा आणला तर "ठेव तिथे." शेवटी सबोहतने नुसता रिकामा हात पुढे केला, तर म्हातारीने आपले दोन्ही हात बगलेत घालून घेतले.

"ओयी, हातात काही नाही माझ्या." सासूला ती आईच्या नात्याने ओयीच म्हणायची.

"आज तुझ्या रिकाम्या हाताचाही भरवसा नाही," सासू म्हणाली. "तेहतीस वर्षं या गल्लीत काढली. एकाची चिठ्ठी घेतली नाही मी."

अंदिजानकडच्या त्या गावात पहिल्या बर्फाचा दिवस असाच जायचा. 'बर्फ आमचा, देणं तुमचं' असं लिहून खाली मनातलं मागणं लिहायचं आणि ती चिठ्ठी गाफील माणसाच्या हातात सरकवायची. त्याने ती घेतली आणि देणारा फाटकाबाहेर निसटला, की मागितलेलं द्यावंच लागतं. पण फाटकाच्या आत सापडला, तर त्याच्या तोंडाला काजळी आणि वर पकडणाऱ्याचं मागणं त्याच्या गळ्यात. लोक पुलाव मागतात, फार तर मेंढी मागतात. द्यायचं ते नाकारलं, असं गावात कुणाच्या ऐकिवात नाही.

सबोहतला पुलाव नको होता. तिला स्वतःचा पासपोर्ट हवा होता.

तो सासूच्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली सासूच्या गळ्यात. दोन वर्षांपूर्वी सबोहतचा नवरा एलमुरोद रशियाला कामाला गेला, त्याच दिवशी सासू म्हणाली होती, "तुझा पासपोर्ट माझ्याकडे नीट राहील." राहिला तो इतका नीट, की परत दृष्टीसही पडला नाही. सबोहतचं माहेर सरहद्दीपलीकडे, ओशला. छपरावर चढलं की तिकडचे डोंगर दिसतात, पण मधल्या नाक्यावर पासपोर्ट दाखवावा लागतो. चार दिवसांपूर्वी बहिणीचा फोन आला होता. आईने अन्न सोडलंय, सारखी तुझं नाव घेते, यायचं तर आता ये. सबोहतने तीनदा सासूकडे विषय काढला. तीनदा सासू "बघू" म्हणाली आणि उठून गेली. बाई दगडाची आहे, याखेरीज सुनेने दुसरं काय समजायचं?

"सापडलीस तर मी काय मागणार, ठाऊक आहे ना?" चहाची वाटी स्वतः उचलत हुरिनिसा म्हणाली. "पासपोर्टचं नाव पुन्हा काढायचं नाही. कधीच नाही."

म्हणजे म्हातारीने ओळखलं होतं. तरी सबोहत तंदूर पेटवायला अंगणात गेली.

तिच्याकडे एकच युक्ती होती. नान म्हणजे अन्न, आणि अन्न कुणी पालथं घालत नाही. हुरिनिसा तर मुळीच नाही. पालथा पडलेला नान दिसला तर नमाज सोडून सरळ करायला धावेल. शिवाय तंदूरमधला पहिला नान घरातल्या मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि मोडायचा, ही या घरची रीत होती. सबोहतने चिठ्ठीची बारीक घडी केली आणि तंदूरमधून काढलेल्या पहिल्या नानच्या पाठीला ओल्या कणकेने चिकटवली. फाटकाबाहेर शेजारीण ओयखोल उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिने फाटक हातभर उघडून धरलं होतं.

तंदूरपासून फाटक वीस पावलं.

"ओयी, पहिला नान."

हुरिनिसा पायरीवर आली. आधी तिने सुनेचे तळहात पाहिले, मग बाह्या, मग नानची वरची बाजू. नानमधून वाफ येत होती. म्हातारीने "बिस्मिल्ला" म्हटलं, दोन्ही हात पुढे केले आणि घेतला.

सबोहतने तिला बोटांनी खालची बाजू चाचपताना पाहिलं आणि ती पळत सुटली.

"अगं भवाने!" मागून आवाज आला, आणि पाठोपाठ पावलंही. चौसष्ट वर्षांची बाई, पण चिठ्ठीच्या दिवशी तिला सोळावं लागायचं. दहा पावलं. पंधरा. ओयखोलचा हात दिसला. सबोहतचा एक पाय फाटकाबाहेर पडला आणि मागे धप्पकन आवाज झाला.

"थांबू नकोस," ओयखोल कुजबुजली. "नाटक आहे. मला असंच पकडलं होतं, पोटात कळ आल्याचं सोंग करून."

ते खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी कळ आली होती आणि ओयखोलच्या तोंडाला काजळी लागली होती. सबोहतने मान वळवली. हुरिनिसा बर्फात आडवी होती, कोपरांवर. नान तिने जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरला होता. एक पाय विचित्र वळला होता. ती हाक मारत नव्हती, आणि हेच सबोहतला सोसवेना. दुसरा पाय उचलला की ओश होतं, आई होती. तिने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि मागे फिरली.

वाकताक्षणी म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"सापडलीस."

सबोहतला वाटलं, आता आई गेली. रडूही आलं नाही.

"पाऊल बाहेर पडलं होतं तुझं," हुरिनिसा म्हणाली. "मग आलीस कशाला?"

"तुम्ही पडलात."

म्हातारीचं मागणं तर केव्हाचं ठरलेलं होतं, नुसतं बोलायचं बाकी होतं. मग मनगट न सोडता तिने दुसऱ्या हाताने नान सुनेकडे दिला आणि गळ्यातली किल्ली काढली.

"पेटी उघडलीस तर चादरी सापडतील. पासपोर्ट नाही. एलमुरोद घेऊन गेला."

"घेऊन गेला?"

"जाताना म्हणाला, हा नसला म्हणजे पळून जायची नाही." तिने किल्ली मुठीत आवळली. "मला वाटलं, सून मला दगड म्हणाली तर म्हणू दे. माझ्या पोराला चोर म्हणायला नको. दर वर्षी या दिवसाची धास्ती घ्यायची मी. तू मागितलंस आणि माझ्याकडे द्यायला नसलं, तर?"

सबोहतला राग आला, इतका की मनगट हिसकून घ्यावं. दोन वर्षं ती रिकाम्या पेटीशी भांडत होती. पण म्हातारी तिच्याच आधाराने उठत होती, म्हणून हात सोडवता आला नाही.

"नवा निघायला दिवस लागतील, ओयी. आई थांबेल का तेवढी?"

"माझा पासपोर्ट आहे की. तोवर मी जाऊन बसते तिच्यापाशी. लंगडत जाईन." सुनेला धरून तंदूरपर्यंत आलेल्या हुरिनिसाने त्याचा काठ धरला. "पण आधी कचेरीत. जुना कुठे गेला याची तिथे साक्ष लागेल. पोराचं नाव घेऊन सांगेन मी."

ओयखोल फाटकातून आत आली. "काय झालं? कोण हरलं?"

"मी," हुरिनिसा म्हणाली.

"अहो आपा, तिचं मनगट तर तुमच्या हातात आहे!"

"ते उठायला धरलंय." म्हातारीने तंदूरच्या तोंडाशी दोन बोटं घासली आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर ओढली. "गल्लीभर सांग, हुरिनिसा हरली म्हणून. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी काढ. कचेरीत जायचंय, याच तोंडाने."

सबोहतने नान सरळ करून उंचावर ठेवला आणि ती सासूचे बूट आणायला घरात गेली.