परमुलखातल्या लेकरांसाठी

बनुबाईनं भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवला, भाकरी उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवली आणि हात झटकून ती पुन्हा चुलीशी जाऊन बसली. ताटली काही तिनं दिली नाही. ताटली दिली असती तर ती बाई पाहुणी झाली असती, आणि पाहुणीला जा म्हणायचं बनुबाईच्या जिवावर आलं असतं.

दारात कृपादान मास्तर उभे होते. वाडीतली मिशनची शाळा तेच चालवत आणि रविवारी त्याच खोलीत उपासनाही तेच घेत. त्यांच्या मागं, कडुलिंबाच्या सावलीत, ती बाई उकिडवी बसली होती. नाक बसकं, केस धुळीनं लाल झालेले, कमरेला लुंगीसारखं काहीतरी गुंडाळलेलं. पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"बनुबाई, ती भाकरीसाठी आलेली नाही," मास्तर म्हणाले.

"मंग खाऊ नगं म्हनावं."

"अहो, ती योहानची बायको आहे. किती वेळा सांगू?"

"आसंल. योहान काय जगात एकच हाय व्हय? तिचा योहान मेला आसंल. माजा न्हाई."

मास्तरांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. बनुबाईपुढं बोलायचं म्हणजे त्यांना नेहमीच घाम फुटायचा.

योहान हा बनुबाईचा एकुलता एक. मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी शिकला आणि कुणाच्या तरी ओळखीनं रंगूनला एका इस्पितळात कामाला लागला. रंगूनवर जपान्यांचे बॉम्ब पडल्याचं वाडीत कळलं, तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. आणि आता, बेचाळीस सालच्या भर उन्हाळ्यात, ही बाई चितळी स्टेशनावर उतरून 'राहाता, राहाता' असं वाडीजवळच्या गावाचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, तापल्या फुफाट्यातून वाडीपर्यंत चालत आली होती. तिला इंग्रजी येत होतं म्हणून मास्तरांना सगळं कळलं. ती ब्रह्मदेशातली, डोंगराकडच्या करेन लोकांतली, ख्रिस्तीच. त्याच इस्पितळात नर्स होती. तिथंच लग्न झालं. आईला पत्रानं कळवायचं नाही, बायको समोर उभी करूनच सांगायचं, असं योहाननं ठरवलं होतं. रंगून सोडून माणसांचे लोंढे डोंगरांतून पायी हिंदुस्थानाकडं निघाले, त्यात ही दोघं होती. वाटेत पटकी आली. योहान एका झाडाखाली गेला. खणायला काही नव्हतं, म्हणून तिनं त्याच्यावर दगड रचले, आणि त्यानं घोकून घेतलेला पत्ता तोंडात धरून ती पुढं चालत राहिली.

मास्तरांनी हे सारं बनुबाईला सांगितलं होतं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. ती म्हणते, योहानच्या कपाळावर खोक होती. बनुबाई म्हणाली, खोक काय, साऱ्या जगाला दिसती. ती म्हणते, त्याचा बाप विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला. बनुबाई म्हणाली, माजं पोरगं तोंडाचं फाटकं, त्यानं रंगूनात धा जनांना सांगितलं आसंल, त्यातलंच कुनीतरी हिला बोललं आसंल.

बनुबाई खुळी नव्हती. पण हिला सून म्हणायचं म्हणजे आपल्याच तोंडानं पोरगं मेलं म्हणायचं. ते तिच्यानं होणार नव्हतं. बाई खोटी ठरली तर पोरगं जितं राहत होतं, एवढा सरळ हिशोब होता.

"आई," सावलीतून ती बाई म्हणाली. तिला चारदोनच शब्द येत होते.

बनुबाई ताडकन उठली. "आई म्हनू नगंस मला! सांगून ठिवते!"

बाईनं मान खाली घातली. मग दगडावरची भाकरी उचलली, तिचे तुकडे करून पाण्यात कुस्करले आणि ते पाणी पिऊन टाकलं. कोरडी भाकरी तिच्या घशाखाली उतरत नसे. पहिल्या दिवशी ठसका लागून ती जीव जाईल अशी खोकली होती, आणि शेजारची लंकाबाई हसून हसून लोळली होती.

ती गेली नाही. जाणार कुठं? तिच्या मुलखात जपानी आले होते. ती शेळ्यांच्या छपरात पडून राही, आणि उजाडलं की बनुबाईची घागर घेऊन कालव्यावर जाई. घागर डोक्यावर घ्यायची रीत तिला ठाऊक नव्हती. घागरीला दोरी बांधून ती दोरी कपाळावर अडकवायची आणि घागर पाठीवर घेऊन वाकून चालायची. वाडीला फुकटची करमणूक झाली. पोरं मागं लागायची, "रंगूनवाली, ए रंगूनवाली!"

तिला या मुलखातलं काहीच उमगत नव्हतं. झाडं होती पण त्यांना काटेच जास्त. नदी म्हणावी तर माणसांनी खणलेली, आणि तिच्यातलं पाणीसुद्धा कुणाकुणाच्या पाळीचं. जमीन पायाला चावायची. दुपारी वारा सुटला की तोंडात माती यायची आणि ती थुंकत नसे, गिळत असे. माणसं तिच्याकडं टक लावून बघत आणि ती बघू लागली की तोंड फिरवत. एकदा ती पाण्याला गेली असताना लंकाबाईनं तिच्या गाठोड्यात डोकावून पाहिलं. त्यात एक कंगवा होता आणि योहानचा सदरा होता. लंकाबाईनं ते बनुबाईला येऊन सांगितलं.

"सदरं बाजारात मिळत्यात," बनुबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं हातातलं काम दोनदा टाकलं.

रविवारी उपासनेत एक रीत होती. परमुलखात गेलेल्या लेकरांसाठी मास्तर प्रार्थना करायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरचं माणूस उठून उभं राहायचं. पलटणीत गेलेला दीनाचा भाऊ होता, लिडियाचा नवरा इराकात होता, आणि योहान.

रंगूनवाली आल्यानंतरच्या रविवारी मास्तर तिसऱ्या नावापाशी अडखळले. मेलेल्या माणसासाठी 'सुखरूप परत आण' म्हणायला त्यांची जीभ वळेना. त्यांनी डोळे मिटले आणि 'आमेन'कडं वळायचं ठरवलं. डोळे किंचित उघडले, तर नाव घेतलं नसतानाही बनुबाई उभी होती. पदर घट्ट ओढलेला आणि नजर सुरीसारखी मास्तरांवर.

"आणि बनुबाई साळवेंचा योहान," मास्तर हळूच म्हणाले.

बनुबाई खाली बसली. मागं दाराशी रंगूनवालीला फक्त ते नाव कळलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

त्या आठवड्यात मास्तरांनीच तोड काढली. नगरला मिशनचा विधवांसाठी आश्रम होता. तिथं हिला ठेवून घेतील. रविवारी उपासना झाली की गोरक्षनाथाची बैलगाडी चितळीला जाणार होती, तिच्यात बसवून द्यायचं.

"सुटले बया," बनुबाई म्हणाली.

मास्तरांनी बाईला इंग्रजीत समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की योहाननं तिच्याकडून वचन घेतलं होतं, आईपाशी जा आणि आईपाशी राहा. आईच नको म्हणते तर वचनाचं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. एवढं बोलून ती मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू त्यांना ते ठाऊक असावं.

शनिवारी बनुबाईनं शेंगोळे करायला घेतले. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची घालून घट्ट मळलं, परात चुलीपुढं ठेवली आणि ती गोवऱ्या आणायला परसात गेली. गोवऱ्यांच्या उडवीत विंचू निघाला, त्याला ठेचण्यात जरा वेळ गेला. परत आली तर रंगूनवाली चुलीपुढं बसलेली. उंबऱ्याच्या आत.

बनुबाईच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच राहिली.

बाई पिठाच्या वळ्या करत होती. तळहातावर लांब, बारीक वळी ओढायची, आणि मग वाडीतली कुठलीही बाई नुसती वाकवून टाकील तसं न करता, ती तिला गाठ मारत होती. एकेक वळीला एकेक गाठ. परातीच्या कडेला गाठींची रांग लागली होती.

योहान लहानपणी असंच करायचा. किती वेळा सांगितलं, मेल्या, गाठ मारली की आत कच्चं ऱ्हातं. ऐकेल तर शपथ. म्हणायचा, गाठीचा शेंगोळा माझा, मला ताटात ओळखू येतो. आणि प्रत्येक वेळी बनुबाई त्याचा कान पिळायची.

बाईनं वर पाहिलं. बनुबाईला दारात बघून ती दचकली, आणि घाईघाईनं हातानं गाठी झाकल्या. मग स्वतःचा कान चिमटीत धरून, भीत भीत, म्हणाली,

"आई मारते."

बनुबाईच्या हातातल्या गोवऱ्या पडल्या.

ही काही दहा जणांना सांगायची गोष्ट नव्हती. ही चुलीपुढं बसून, हसत हसत, एकाच माणसाला सांगायची गोष्ट होती. कुठल्या तरी परक्या मुलखात तिच्या पोरानं पीठ मळलं होतं, गाठी मारल्या होत्या, आणि बायकोला आपला कान धरून दाखवला होता.

पोरगं गेलं. बनुबाईला ते आता कळलं, सगळंच्या सगळं कळलं. ती खाली बसली आणि परातीतली एक गाठ घेऊन सोडवायला लागली. पीठ घट्ट होतं. गाठ सुटेना, तुटली. तिनं दुसरी घेतली, तीही तुटली. तिसरीला तिनं हात लावला नाही. उकळत्या पाण्यात एकेक गाठ सोडली, वर मीठ टाकलं आणि शिजेस्तोवर ती जाळाकडं बघत बसली.

शेंगोळे आत कच्चेच राहिले होते. बनुबाईनं ते चावून चावून, एकही न टाकता खाल्ले. बाईपुढं वाढलं ते ताटलीत.

"उद्या गाडी कवा हाय?" तिनं लंकाबाईला भिंतीवरून विचारलं.

"उपासना सुटली की. का गं?"

"काय न्हाई."

रविवारी गोरक्षनाथानं गाडी शाळेपुढंच आणून उभी केली. बैल माशा हाकलत होते. रंगूनवाली गाठोडं मांडीवर घेऊन दाराशी, शेवटाला बसली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. बनुबाई नेहमीच्या जागी, पुढं. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"परमुलखात असलेल्या आमच्या लेकरांसाठी," मास्तरांनी सुरुवात केली. दीनाच्या भावाचं नाव घेतलं, दीना उभी राहून बसली. लिडिया उभी राहून बसली. मास्तरांनी एक श्वास घेतला आणि यापुढं हे असंच चालायचं असं मनाशी ठरवून तोंड उघडलं.

"योहान..."

"मास्तर," बनुबाई म्हणाली. ती उभी नव्हती. "त्याचं नगं घिऊ आता."

लंकाबाईनं तोंडाला पदर लावला.

"त्यो न्हाई आता परमुलखात," बनुबाई म्हणाली, आणि इथं तिचा आवाज फुटला. "पोचला त्यो घरी." तिनं डोळे पुसले, नाक पुसलं. "हिचं नाव घ्या. हितं हिचं कोन हाय? हीच हाय परमुलखात."

मास्तर गडबडले. त्यांना नाव ठाऊक होतं. ते सांगायला लागले तसा बनुबाईनं हात वर केला.

"तुमी थांबा जरा." ती प्रथमच मागं वळली. इतके दिवस शेळ्यांत निजलेल्या, तिची घागर कपाळाला टांगून आणलेल्या त्या बाईला तिनं कधी विचारलं नव्हतं. "काय गं, तुजं नाव काय?"

बाईला प्रश्न कळला नाही. मास्तरांनी इंग्रजीत सांगितला. ती बनुबाईकडं बघत राहिली.

"मूपॉ," ती म्हणाली.

"मू... पॉ," बनुबाईनं म्हणून पाहिलं. बरोबर आलं का ते तिच्या तोंडाकडं बघून ताडलं. मग मास्तरांकडं वळून म्हणाली, "हं. घ्या."

"आणि मूपॉसाठी," मास्तर म्हणाले. "हे प्रभू, परमुलखात तिला सांभाळ."

बाहेर गोरक्षनाथ बैलांना उगाच हाकारत होता. बनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उभी राहिली.