बंद घरातून आलेला निरोप

"दीक्षा – दुपारचं औषध – झालं."

मोबाइलच्या पडद्यावर हिरवी पट्टी उमटली तशी चैतालीने टेबलाखाली घट्ट आवळलेली पावलं सैल सोडली. समोर मॅनेजर तक्ते दाखवत होता. शेजारी बसलेल्या केदारने तिच्या मोबाइलकडे नजर टाकली आणि कुजबुजला, "दोनला म्हणजे दोनलाच! सासरेबुवांना आपल्या टीममध्ये घे. निदान एक तरी माणूस वेळेवर काम करेल."

चैताली हसली. मनातून तिला अभिमानच वाटला. बाबांचा होता, आणि थोडा स्वतःचाही.

गेल्या वर्षी तापात तिच्या लेकीला, दीक्षाला, पहिली फिट आली. मग ताप नसतानाही आली. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी ठाम शब्दांत बजावलं होतं. एकही डोस चुकवायचा नाही. सकाळचा आणि रात्रीचा चैताली स्वतः द्यायची, त्यांची बाटली वेगळी, तिच्या कपाटात. प्रश्न दुपारचा होता. बाई ठेवू म्हटलं तर सासरे, बाबुराव, उठूनच गेले. "परक्या बाईच्या हातात नात द्यायची, आणि मी काय घरात कॅलेंडर म्हणून टांगलेलो आहे?"

मग चैतालीने तिला येत होतं ते केलं. कामांच्या यादीचं एक अॅप हॉलमधल्या टॅबलेटवर टाकलं: औषध, दूध, झोप. त्या अॅपला तिने निरोप पाठवणाऱ्या सेवेशी जोडलं. कोडची एकही ओळ लिहावी लागली नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे, बाणांनी जोडायचे. बाबांनी 'झालं'वर बोट टेकवलं की निरोप हिंजवडीला, तिच्या ऑफिसात. नाही टेकवलं, तर दहा मिनिटांनी टॅबलेट मोठ्याने बोलायचा, "औषध बाकी आहे", आणि तिच्या मोबाइलवर लाल पट्टी यायची. सुरुवातीला लाल पट्ट्या बऱ्याच आल्या. प्रत्येक वेळी ती घरी फोन करायची. पुढे त्या बंद झाल्या. बाबांना सवय लागली, असं तिने धरलं. रोज संध्याकाळी दुपारच्या औषधाची बाटली उजेडात धरून बघायची, तेही सुटलं.

मोबाइल पुन्हा थरथरला. समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यशीलाताई. निवृत्त शिक्षिका, उगाच फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत. चैताली खोलीबाहेर आली.

"चैताली, घाबरू नकोस असं मी म्हणत नाही, कारण तू घाबरणारच. दोघंही माझ्याकडे आहेत, ठीक आहेत. काका कचरा ठेवायला बाहेर आले, पोरगी मागोमाग आली, आणि वाऱ्याने दार ओढलं गेलं. लॅच लागलं."

"आत्ता?"

"छे गं. एक वाजल्यापासून बसलेत. मी चावीवाल्याला फोन केलाय, तो 'निघालो' म्हणाला. म्हणजे अजून जेवतोय."

"ताई, बाबांचा मोबाइल?"

"आत. चष्मा आत, टॅबलेट आत. सगळं आत, माणसं बाहेर."

"मग औषध कुणी दिलं?"

"कसलं औषध? काका, औषध दिलंत का हो हिला?"

मागून बाबुरावांचा आवाज आला, "आज अजून व्हायचंय."

तिने हिरवी पट्टी पुन्हा उघडून पाहिली. झालं. कुलूपबंद, रिकाम्या घरातून तिला कुणीतरी सांगत होतं, झालं.

कॅब मिळाली, पण हिंजवडीच्या चौकात येऊन उभीच राहिली. पुढे बस, मागे बस. काचेबाहेर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, एक चाक हललं नाही. आणि मांडीवरचा मोबाइल उजळला.

"दीक्षा – दूध – झालं."

तिने सत्यशीलाताईंना फोन लावला तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ताई, चावीवाल्याला थांबवा. दार उघडू नका. आत कुणीतरी आहे."

"आत कोण असणार? चोर शिरलाय आणि तुझ्या मुलीच्या दुधाची नोंद ठेवतोय?"

"ताई, प्लीज."

सत्यशीलाताई वेगळ्याच, हळू स्वरात म्हणाल्या, "बरं. वॉचमनला वर बोलावते. तू राकेशला फोन कर."

राकेश, तिचा नवरा, खराडीच्या ऑफिसात होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. शेवटी तिला वाटलं, फोन कटला.

"राकेश?"

"आत कुणी नाहीये," तो म्हणाला. "पोलिसांना वगैरे फोन नको करूस."

"तुला काय माहीत?"

"ऐक. आधी ऐकून घे. बाबांचा मला फोन यायचा रोज. 'हे यंत्र माझ्यावर ओरडतं रे, शेजारीपाजारी ऐकतात. आणि ते ओरडलं की लगेच सूनबाईचा फोन. मी काय चोरी केलीय?' रडायला आले होते एकदा. मला वाटलं, औषध तर ते देतातच, फक्त बोट टेकवायचं विसरतात. म्हणून मी…"

"म्हणून तू काय?"

"तुझ्या त्या चौकोनांच्या वर एक चौकोन टाकला. वेळ झाली की आपोआप 'झालं' करायचा. दोन मिनिटांचं काम होतं, चैताली. मी तुला सांगणारच होतो."

कॅब एकदम पुढे सरकली. ड्रायव्हर म्हणाला, "सुटलं बघा मॅडम." तिला ते दुरून ऐकू आलं.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

तिला आठवलं. मागच्या आठवड्यात जेवताना दीक्षा घास हातात धरून भिंतीकडे बघत राहिली होती, हाक मारली तरी बघेना. 'झोप आलीय,' म्हणून चैतालीने तिचं तोंड पुसलं होतं. तिने राकेशचा फोन ठेवला आणि सत्यशीलाताईंना सांगितलं, दार उघडून घ्या, ओट्यावरच्या खालच्या फळीवर दुपारचं औषध आहे, आधी डोस द्या.

बाणेरच्या पुढे आल्यावर त्यांचा फोन आला. "अगं, कोणती बाटली? इथे एकच आहे."

"तीच. वापरातली."

"ही वापरातली नाही. हिचं सील तसंच आहे."

दुपारची ही नवी बाटली तिने पंधरवड्यापूर्वी स्वतःच्या हाताने ठेवली होती.

"तोडा सील," चैताली म्हणाली. "ताई, लवकर तोडा."

प्लास्टिक कुरकुरल्याचा आवाज आला. मग काहीतरी खाली पडलं. मग सत्यशीलाताई, पण फोनपासून लांब, "काका, धरा! काका, हिला धरा आधी!" आणि बाबुरावांचा आवाज, नातीचं नाव पुन्हा पुन्हा घेणारा.

"ताई, कुशीवर! कुशीवर घ्या तिला! तोंडात काही घालू नका!" चैताली ओरडत होती. ड्रायव्हर आरशातून बघत होता. फोनमध्ये कुणीतरी म्हणत होतं, कांदा हुंगवा, कांदा. "कांदा नको!" ती किंचाळली. "काही नको! फक्त कुशीवर ठेवा!"

ती पोहोचली तेव्हा फिट थांबून गेली होती. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. ते म्हणाले, आता झोपू दे, उद्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे जे म्हणाले ते हलक्या आवाजात: औषध असं मध्येच सुटलं तर पुढची फिट याहून मोठी असू शकते.

संध्याकाळी दीक्षा आपल्या पलंगावर झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात जरा सूज होती. बाबुराव उशाशी बसले होते. चष्मा हातात, पुसून पुसून परत पुसत. चैताली दारात उभी राहिली. सबंध रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती.

बाबुरावच आधी बोलले. मान वर न करता.

"राकेशने सांगितलं मला फोनवर. त्याला काही बोलू नकोस पोरी. चूक माझी आहे."

"बाबा, तुम्ही इतके दिवस…"

"आधी ते ओरडायचं ना, तेव्हा मी उठायचो आणि द्यायचो. रोज द्यायचो. नंतर ओरडायचंच बंद झालं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला वाटायचं, ओरडलं नाही म्हणजे मी दिलेलं असणार. माझं मला आठवत नाही, हे कळत होतं मला. पण ते यंत्र विसरणार नाही ना. म्हणून मी त्याच्या भरवशावर."

चैतालीने चौकटीला टेकून डोळे मिटले. ती हिंजवडीत त्यांच्या भरवशावर, ते इथे यंत्राच्या भरवशावर.

"परत लाव ते," बाबुराव म्हणाले. "मोठ्याने लाव. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं तरी चालेल. लोक हसू देत. पण दुपार माझ्याकडून काढू नकोस."

'हो बाबा' म्हणायला तिने तोंड उघडलं. पलंगावर दीक्षाने झोपेत अंग आखडलं, छोटीशी मूठ वळली. चैताली एक पाऊल पुढे सरकली. मूठ उलगडली. नुसती झोपेतली हालचाल होती.

"राकेश येऊ दे, बाबा," ती म्हणाली. "मग बोलू."

बाबुरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, एखाद्या ठरलेल्या गोष्टीला हलवावी तशी.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दीक्षाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. रोज दुपारी ते नातीशेजारी आडवे व्हायचे. त्यांची निळ्या अभ्र्याची उशी तिथेच, तिच्या उशीला लागून होती. ती त्यांनी अलगद ओढून घेतली. तिच्या केसांना धक्का लागणार नाही इतकी अलगद. काखेत धरली आणि चैतालीच्या बाजूने वाट काढत हॉलमध्ये गेले.

त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. सोफ्याच्या कडेला उशी ठेवून ते उशीशेजारी ताठ बसले, एसटी स्टँडवर सामान सांभाळत गाडीची वाट बघावी तसे.