हिसका देऊ नका

मी गळ बोलतोय. नदीतल्या मोठ्या मिशाळ माशांसाठी केलेला, चांगला बोटभर उंच. माझं टोक इतर गळांसारखं सरळ वर नाही, आत वळलेलं आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, आपण बिघडलेला माल आहोत.

माझी खुबी ओळखली ती मालकांनी. त्यांचा धंदा पंप दुरुस्तीचा. मासा आमिष घेऊन वळला, की मी आपसूक त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो. त्याआधी हिसका दिला, तर तोंडातून अलगद बाहेर येतो. "दोरी ताठ झाली की नुसती काठीवरची चक्री फिरवायची," मालक सगळ्यांना सांगत आणि कुणी ऐकत नसे.

त्यांच्यासोबत मी दहा वर्षं नदी पाहिली. थंडीत पुलाखालचा खोल डोह, कारण तेव्हा मासा आळसावतो; आमिष थेट नाकापुढे न्यावं लागतं. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर उथळ पाणी. पुरात काठालगतचं गढूळ पाणी. मासे अंड्यावर असले की दोन महिने मी भिंतीवरच्या खिळ्याला. "एवढी सुट्टी मला कधी मिळाली नाही," बाई म्हणत. बाई म्हणजे मालकांची बायको.

मग एका थंडीत मालकांचं उजवं अंग लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, "पाय चालेल, पण चालवायला हवा. वर्षभर बसून राहिलात तर कायमचा आखडेल." मालक खुर्चीत बसले ते बसलेच. बाईंनी विनवलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. उत्तर एकच, "उद्या बघू." बाई रोज कॅलेंडरवर दिवस मोजत, हे मला खिळ्यावरून दिसायचं.

शेवटी, माशाच्या वासानं नाक मुरडणाऱ्या त्या बाईंनी शेजाऱ्याची हातगाडी आणली आणि मालकांना खुर्चीसकट नदीवर नेलं. "तुम्ही उठत नाही ना? मग मासे मी धरते. बसा बघत."

बाईंना धीर कसला तो नाही. दूध तापायच्या आत तीनदा झाकण उघडणाऱ्या त्या. उन्हाळाभर हिसके, पुरातही हिसके. माझ्या नाकी नऊ आले.

"अगं, हिसका कशाला देतेस?"

"मग काय, त्याची परवानगी घेऊ?"

मालक हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

पुन्हा थंडी आली. वर्ष भरत आलं होतं. डोहात दोरी ताठ झाली आणि बाईंनी दात आवळून चक्री फिरवायला घेतली. हिसका दिला नाही. मी कोपऱ्यात घट्ट बसलो. मासा बाईंच्या कमरेएवढा लांब, अर्धा तास त्यानं झुंजवलं. काठाशी त्याचं डोकं वर आलं, तसा मीही पाण्याबाहेर आलो.

"अहो, जाळी!" बाई ओरडल्या. मासा उचलायची जाळी मालकांच्या खुर्चीपासून चार पावलांवर पडली होती. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

मालकांनी जाळीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग डावा हात खुर्चीवर टेकून ते उठले. उजवा पाय ओढत एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

बाई बघतच राहिल्या. चक्री थांबली, काठी खाली आली. माशानं बुडी मारली आणि दोरी दगडाला घासून तुटली. मी खाली निघालो. वरून बाईंचा आवाज तेवढा ऐकू आला, "जाऊ दे हो तो मासा. सावकाश या."

तेव्हापासून मी याच्या ओठात राहतो. उन्हाळा झाला, पूर येऊन गेला. माझ्यावर गंज चढलाय, लवकरच गळून पडेन. त्याआधी हा मासा तुम्हाला लागला तर एवढं करा. मला सोडवा आणि पंप दुरुस्तीवाल्यांच्या घरी न्या. दार वाजवून जरा थांबा, घाई करू नका. दार उघडायला कोण येतं, तेवढं मला बघायचंय.